टोळांची पाहणी : अभयारण्यात व आपल्या बांधावर

पिकाची पाहणी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पूर्वी हे काम तलाठ्याचे होते; सन २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाल्यावर प्रत्येक खातेदार आपल्या शेतात उभा राहून आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला आहे. परंतु त्याच शेताच्या बांधावर पाऊल टाकताच जे लहानमोठे टोळ चहूकडे उडतात, त्यांची नोंद आपणांपैकी किती जणांनी केली असेल? त्यांत पिकाचे वैरी किती व केवळ गवतावर राहणारे किती, ह्याचा हिशेब बहुधा कोणाजवळ नसतो. नुकसान झाले म्हणजे मात्र आपण सर्वांस एकाच नावाने हाक मारतो व एकाच औषधाने मारू पाहतो.

प्रस्तुत लेखात टोळांची पाहणी शास्त्रीय रीतीने कशी करतात, ती संरक्षित रानात करण्याचे प्रयोजन काय, आणि तिचा आपल्या शेतीस उपयोग कोणता, हे यथामति सांगण्याचा विचार आहे. आम्ही कीटकशास्त्राचे पंडित नव्हे. मराठी शाळेतील शिक्षण व महसूल खात्यातील कारकुनी एवढेच आमचे भांडवल. तथापि पाहणी, मोजणी आणि नोंद ह्या तीन गोष्टींत आमचे आयुष्य गेले. आणि टोळांच्या अभ्यासातही मुख्य काम ह्या तिहींचेच आहे, असे आमच्या प्रत्ययास आले.

आमच्या हातून घडलेली चूक

प्रथम आमचीच एक चूक सांगतो, कारण ह्या अभ्यासाकडे आम्ही वळलो ते तिच्यामुळे. सन २०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळांच्या झुंडी मध्यप्रदेशातून अमरावती व नागपूर जिल्ह्यांत उतरल्या. वर्तमानपत्रांत चित्रे आली, गावोगाव दवंडीसारखी बातमी पसरली. आम्ही त्या वेळी नोकरीत होतो. मृगाच्या पावसावर बदनापूरच्या आमच्या शेतात कपाशी व मूग पेरला होता. रोपे दोन-चार पानांवर आली न आली तोच तास विरळ दिसू लागले. कित्येक रोपांचे शेंडे कातरल्यासारखे झाले. बांधावर पाहिले तर गवतात टोळच टोळ. आमच्या मनात आले की टोळधाड ती हीच.

खुरपणीस येणाऱ्या एका वृद्ध बाईंनी आम्हांस त्याच दिवशी सांगितले होते, "भाऊ, रोप खाणारे हे बांधावरचे नव्हं. ते तर इथंच ढेकळात बसलेत, मातीच्या रंगाचे. बांधावर कशाला औषध मारता?" आम्ही म्हणालो, "मावशी, तुम्ही खुरपा. टोळधाड काय असते ते आम्हांस कागदोपत्री ठाऊक आहे." आणि दुसऱ्या दिवशी सर्व बांध, त्यालगतचे कुरण व नाल्याच्या काठचे गवत औषधाने भिजवून काढले.

परिणाम असा झाला की बांधावरचे टोळ मेले, आणि तासांतील रोपे पूर्ववत कातरली जात राहिली. मुगाचा निम्मा तुकडा पुन्हा पेरावा लागला. बांधाचे गवत विषारी झाल्यामुळे जनावरांस घालता येईना, म्हणून ऐन पावसाळ्यात चारा विकत घ्यावा लागला. पुढे जाणकारांस नमुना दाखविला, तेव्हा उलगडा झाला की रोपे खाणारा किडा भुईवर राहणारा मातकट टोळ होय. वाळवंटी टोळाशी त्याचा काही संबंध नाही, आणि बांधावरच्या हिरव्या टोळांनी आमचे एक रोपही खाल्ले नव्हते. मावशींनी जे पाच मिनिटांत पाहिले होते, ते आम्ही कागदावरच्या ज्ञानाने पाहू शकलो नाही. चावडीत बसून लिहिलेली पीक पाहणी खोटी ठरते, हे आम्ही इतरांस तीस वर्षे सांगत आलो. तोच दोष आमच्या हातून घडला.

टोळ किती प्रकारचे

सरळ पंखांच्या कीटकांचा जो मोठा गण आहे, त्यास शास्त्रात ऑर्थॉप्टेरा म्हणतात. टोळ, नाकतोडे, रातकिडे हे सर्व ह्याच गणातले. भारतात ह्या गणाच्या हजाराच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. ह्यांचे दोन मोठे भाग मिशांवरून ओळखावे. ज्याच्या मिशा आखूड व जाडसर, शरीराच्या निम्म्याहूनही बहुधा लहान, तो आखूडशिंगी टोळ. ज्याच्या मिशा केसासारख्या बारीक व शरीराहून लांब, तो लांबशिंगी नाकतोडा किंवा रातकिडा. गंमत अशी की आखूडशिंगी टोळाचा कान पोटाच्या पहिल्या वळ्यावर असतो आणि लांबशिंगीचा पुढच्या पायावर. प्रस्तुत लेखात मुख्यतः आखूडशिंगी टोळांचाच विचार केला आहे.

आपल्या भागात सहज ओळखता येतील असे काही प्रकार येणेप्रमाणे :

भुईटोळ (क्रोटोगोनस). मातीच्या रंगाचा, चपटा, अंग खरबरीत. उघड्या जमिनीवर बसतो व हलेपर्यंत दिसत नाही. उगवते रोप कातरतो. आमचे नुकसान करणारा हाच.

हिरवा मोठा टोळ (हिअरोग्लिफस). भात, ऊस, ज्वारी, मका व उंच गवतावर आढळतो. ह्याची मादी बहुधा बांधाच्या मातीत अंडी घालते. संख्या वाढली तर पिकाची पाने शिरांपर्यंत खातो.

बिनपंखी टोळ (कोलेमानिया). ज्वारी-बाजरीचा दख्खनेतील जुना वैरी. ह्याचे पंख नावापुरतेच असतात. म्हैसूर संस्थानातील कीटकतज्ज्ञ लेस्ली कोलमन ह्यांच्या नावावरून सन १९१० मध्ये ह्यास शास्त्रीय नाव देण्यात आले.

निमुळत्या तोंडाचा टोळ (अॅक्रिडा). लांबट, तिरपे कपाळ, गवताच्या पात्यासारखा हिरवा किंवा वाळल्या गवतासारखा पिवळट. मुख्यतः गवतावर राहतो.

पट्टेवाला टोळ (इडेलस व त्याचे भाऊबंद). बसलेला असता तपकिरी. उडाला की मागील पंखांचा पिवळा रंग व त्यावरील काळा पट्टा क्षणभर दिसतो. उघड्या माळावर विशेष.

रुईवरील रंगीत टोळ (पोइसिलोसेरस). पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा, जड अंगाचा. रुईच्या झाडावर राहतो, रुईचा विषारी चीक पचवितो व डिवचला असता अंगातून उग्र द्रव सोडतो. पिकास क्वचितच त्रास देतो.

आता टोळधाडीविषयी दोन शब्द. वाळवंटी टोळ एरवी एकटादुकटा राहतो. परंतु पाऊस व हिरवळ अनुकूल पडून संख्या दाटली म्हणजे त्याचा रंग व वर्तन दोन्ही पालटतात व तो झुंडीने निघतो. झुंडीने जाणाऱ्या टोळांत एकाच जातीची अशी दोन रूपे असतात, हा सिद्धान्त बोरिस उवारोव ह्या शास्त्रज्ञाने सन १९२१ मध्ये मांडला. आपल्याकडे मुंबई टोळ म्हणून आणखी एक झुंडीने फिरणारी जात आहे. तिने सन १८८२-८३ मध्ये व पुन्हा १९०१ ते १९०८ ह्या काळात मुंबई इलाख्यात उपद्रव केला होता. अशा झुंडीने जाणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या थोड्या आहेत. बाकी सर्व टोळ आपापल्या गवतात जन्मतात व तेथेच मरतात.

अभयारण्यातच पाहणी का

येथे वाचक विचारील की पिकाचा वैरी ओळखावयाचा तर शेतात पहावे. रानात जाऊन टोळ मोजण्यात काय लाभ? ह्याचे उत्तर महसुली व्यवहारातच आहे. एखाद्या शेताची हद्द तुटली म्हणजे आपण मूळ मोजणीचा दगड शोधतो. दगड सापडला तर बांध कोठे सरकला हे कळते. तो नसेल तर केवळ भांडण उरते. संरक्षित रानातील गवत हे असे हद्दीच्या दगडासारखे आहे. जेथे नांगर चालत नाही, औषध पडत नाही, तेथे कोणते टोळ किती प्रमाणात राहतात हे लिहून ठेवले, तर आपल्या शेतशिवारात काय कमी झाले व काय अवास्तव वाढले, ह्याची तुलना करता येते.

आम्हांस जवळ असे रान म्हणजे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. छत्रपती संभाजीनगर व जळगाव ह्या दोन जिल्ह्यांत, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेत ते पसरले असून सन १९८६ मध्ये ते घोषित झाले. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. पितळखोऱ्याची लेणी ह्याच परिसरात आहेत. पानगळीचे कोरडे जंगल व मधून मधून गवताळ मोकळी जागा असे ह्या रानाचे स्वरूप आहे. पूर्वेकडे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर व त्याभोवतीचे लहानसे अभयारण्यही बदनापूरकरांस फार दूर नाही.

अशा संरक्षित क्षेत्रांतील जीवसृष्टीची यादी करण्याचे काम भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था सन १९१६ पासून करीत आली आहे. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र पुणे येथे आहे. तत्पूर्वी सन १९१४ मध्ये कर्बी ह्या इंग्रज विद्वानाचा हिंदुस्थानातील आखूडशिंगी टोळांवरील एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. तेव्हापासून आजवर ह्या विषयाच्या याद्या सुधारत व वाढत आल्या आहेत. म्हणजे टोळ मोजणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग नसून शंभरांहून अधिक वर्षे चाललेले दप्तराचे काम आहे.

एक सूचना मात्र आग्रहाने करितो. अभयारण्य हे गायरान नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तेथे प्रवेशास परवानगी लागते, आणि शास्त्रीय अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची अनुज्ञा घ्यावी लागते. तेथील कीटक जाळ्यात धरून डबीत भरून आणणे योग्य नाही. आम्ही गेलो तेव्हा रीतसर नोंद करून, ठरलेल्या वाटेनेच चाललो. जे दिसले ते डोळ्यांनी पाहिले व मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले. तेवढ्यानेही शिकावयास पुष्कळ मिळते.

मोजणीची रीत

पैसेवारी कशी ठरते हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. आधी नजर पैसेवारी होते. परंतु अंतिम आकडा पीक कापणी प्रयोगाच्या नेमक्या तुकड्यावरून ठरतो. प्रयोगाचा तुकडा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडतात, चांगले पीक पाहून निवडीत नाहीत. पन्नास पैशांच्या आत-बाहेर होण्यावर गावाची सवलत अवलंबून असते, म्हणून तेथे नजरेवर विसंबून चालत नाही. टोळांच्या पाहणीतही नेमका हाच दंडक आहे.

जागा. प्रथम शिवाराचे प्रकार पाडावे : गवताळ बांध, पीक, पडीक माळ, नाल्याचा काठ, गायरान. प्रत्येक प्रकारात निदान पाच पट्टे निवडावे. पट्टा कोठे धरावा हे टोळ पाहून ठरवू नये. आधी पावले ठरवावी व तेवढी पावले चालून जेथे थांबू तेथून पट्टा सुरू करावा.

वेळ. टोळाचे रक्त आपल्यासारखे ऊन नसते. सकाळच्या गारव्यात तो सुस्त असतो व भर दुपारी सावली धरतो. सबब दव वाळल्यावर, साधारण नऊ ते अकरा ह्या वेळात, वारा बेताचा व आकाश निरभ्र असता मोजणी करावी. आपल्याकडे पहिल्या पावसाबरोबर पुष्कळ जातींची अंडी फुटतात, पिले श्रावणात वाढतात व भाद्रपद-आश्विनात पूर्ण वाढलेले टोळ दिसतात. म्हणून जुलै ते नोव्हेंबर दर पंधरा दिवसांनी एक फेरी ठेवावी. एकाच फेरीवरून निष्कर्ष काढू नये.

पट्ट्याची मोजणी. पन्नास मीटर लांबीचा पट्टा धरून सावकाश चालावे, व दोन्ही बाजूंस एक एक मीटर अंतरात जेवढे टोळ उडतील किंवा दिसतील तेवढे जातवार लिहावे. एकाने चालावे व दुसऱ्याने लिहावे, म्हणजे नजर हलत नाही.

कड्याची मोजणी. दाटी किती हे जाणावयाचे असेल तर ही रीत उत्तम. ११२ सेंटिमीटर घेराचे तारेचे कडे केले असता त्याच्या आतील क्षेत्र एक चौरस मीटरचा दहावा हिस्सा भरते. अशी चाळीस कडी आदल्या दिवशी ठराविक अंतराने ठेवून द्यावी. दुसऱ्या दिवशी पावलांचा आवाज न करता, सावली कड्यावर न पाडता जवळ जावे व कड्याच्या आत किती टोळ आहेत ते काठीने गवत हलवून मोजावे. चाळीस कड्यांचे क्षेत्र चार चौरस मीटर. समजा, त्यांत एकूण वीस टोळ निघाले. तर दर चौरस मीटरास पाच टोळ, असा हिशेब झाला. भुईटोळ जाळ्यात येत नाही, तो ह्याच रीतीने सापडतो.

जाळीची मोजणी. आपल्या स्वतःच्या शेतात कापडी जाळी गवतावरून डावी-उजवीकडे पन्नास वेळा फिरवावी, आत आलेले टोळ मोजावे व सोडून द्यावे. ही रीत गवतातील लहान टोळांस चांगली. पण मोठे टोळ आधीच उडून जातात व भुईवरचे तसेच राहतात. म्हणून केवळ जाळीवर भिस्त ठेवू नये.

ओळख. पिलांची जात ओळखणे तज्ज्ञांसही अवघड जाते. पिलांची संख्या वेगळी लिहावी व जात फक्त पूर्ण वाढलेल्या टोळाचीच लिहावी. येथे एक फसवणूक होते ती सांगून ठेवतो : बिनपंखी टोळ पूर्ण वाढला तरी पंख नसल्यामुळे पिलासारखा भासतो. नाव न कळले तर ते कल्पनेने लिहू नये. 'अज्ञात क्रमांक १, अज्ञात क्रमांक २' असे लिहून छायाचित्रास तोच क्रमांक द्यावा. चुकीच्या नावापेक्षा क्रमांक बरा. क्रमांकाचे नाव पुढे कोणीही भरू शकतो, चुकीचे नाव मात्र दप्तरात कायमचे बसते.

नोंद. वहीत तारीख, वेळ, गट नंबर, जागेचा प्रकार, गवताची जात (मारवेल, कुसळ, हरळी, कुंदा इत्यादी), आदल्या आठवड्यातील पाऊस, व जातवार संख्या अशी घरे आखावी. जेथे एकही टोळ दिसला नाही तेथे घर रिकामे न ठेवता शून्य लिहावे. रिकामे घर म्हणजे पाहिले नाही. शून्य म्हणजे पाहिले व आढळले नाही. ह्या दोहोंतील भेद न कळल्यामुळे कित्येक दप्तरे निरुपयोगी झालेली आम्ही पाहिली आहेत.

आकड्यांचा अर्थ

नोंद झाल्यावर दोन प्रश्न विचारावे. पहिला, जाती किती? दुसरा, त्या समप्रमाणात आहेत की एकीचेच राज्य आहे? हा दुसरा प्रश्न समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, दोन बांधांवर प्रत्येकी शंभर टोळ मोजले व दोन्हींवर दहा दहा जाती निघाल्या. पहिल्या बांधावर प्रत्येक जातीचे दहा. दुसऱ्यावर एका जातीचे एक्याण्णव व उरलेल्या नऊ जातींचा एक एक. जातींची संख्या समान, एकूण टोळही समान. परंतु दोन्ही बांध सारखे आहेत असे कोणी म्हणेल काय? आता डोळे मिटून पिशवीतून एक टोळ काढावा, पाहून परत टाकावा, व दुसऱ्यांदा काढावा. दोन्ही वेळा निरनिराळ्या जाती हाती लागण्याचा संभव पहिल्या बांधावर शंभरात नव्वद, आणि दुसऱ्यावर शंभरात सुमारे सतरा. शास्त्रज्ञ जैवविविधतेचा जो आकडा काढतात, त्यांपैकी सिम्प्सनची रीत म्हणून ओळखली जाणारी ती हीच. तीत वर्ग, बेरीज व वजाबाकी ह्यांपलीकडे काही नाही. प्रत्येक जातीचा हिस्सा स्वतःनेच गुणावा, सर्वांची बेरीज करावी, व ती एकातून वजा करावी.

आणखी एक कसोटी. पहिल्या पट्ट्यात समजा चार जाती निघाल्या, दुसऱ्यात आणखी दोन नव्या, तिसऱ्यात एक नवी. पुढे दोन-तीन पट्ट्यांत नवे काहीच निघेनासे झाले, म्हणजे त्या जागेची पाहणी पुरेशी झाली असे समजावे. नवी नावे निघतच असतील तर काम अपुरे आहे.

गौताळ्याच्या वाटेवरील गवतात व आमच्या बांधावर आम्हांस जो फरक दिसला तो ह्याच स्वरूपाचा होता. रानात टोळ कमी नव्हते. पण कोणा एका जातीची गर्दी नव्हती. निमुळत्या तोंडाचे, पट्टेवाले, आम्ही बांधावर कधीही न पाहिलेले असे अनेक प्रकार थोडे थोडे होते. आमच्या औषध मारलेल्या बांधावर पुढील वर्षी जे प्रथम परतले, त्यांत उघड्या मातीत राहणारा भुईटोळ पुढे होता; गवतातील टोळ मागाहून व थोडे आले. एका बांधावरून नियम काढावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याच्यावर औषध मारले तो मेला आणि ज्याच्यासाठी मारले तो राहिला, एवढी गोष्ट आमच्या वहीत शाईने लिहिलेली आहे.

टोळांवर कोण जगते

टोळांची संख्या एकट्या आपल्या औषधावर अवलंबून नसते. साळुंखी, बगळे, कोतवाल हे पक्षी नांगरामागे व जनावरांमागे टोळ वेचतात, हे सर्वांनी पाहिले आहे. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी व भोरड्यांचे थवे टोळांवर पुष्ट होतात. माळढोक व तणमोर हे दख्खनच्या माळावरचे पक्षीही पुष्कळसे टोळांवरच जगत. आज ते आपल्या माळांवरून दिसेनासे झाले आहेत.

जमिनीखालीही हेच चालते. बाजरीच्या कणसावर व तुरीच्या फुलावर जे हिंगे येऊन आपले नुकसान करतात, त्यांची अळी मातीत राहून टोळांची अंडी खाते. म्हणजे बाप पिकाचा चोर, आणि पोर टोळांचा वैरी. एक बारीक गांधीलमाशीसारखा किडा टोळाच्या अंड्यातच आपले अंडे घालतो. एका बुरशीचा रोग टोळांस होतो. तो झालेला टोळ गवताच्या शेंड्यावर चढून पात्यास मिठी मारून मरतो. पावसाळ्याच्या अखेरीस असा मेलेला टोळ दिसला तर तो वहीत अवश्य नोंदवावा. ह्या सर्वांस राहण्यास गवत लागते, आणि सरसकट औषधाने बहुधा हेच आधी जातात.

आपल्या शेतात काय करावे

ह्या पाहणीचे फळ शेतात कसे घ्यावे, ते थोडक्यात सांगतो.

रोप कातरलेले दिसताच बांधाकडे न धावता आधी तासात बसून ढेकळे हलवून पाहावी. खाणारा कोण हे डोळ्यांनी दिसल्याखेरीज औषध विकत घेऊ नये. नुकसान भुईटोळाचे असेल तर उपाय शेतात करावा लागतो, बांधावर नव्हे.

उन्हाळ्यात खोल नांगरट केल्याने मातीतील अंड्यांची पुडकी वर येऊन उन्हाने व पक्ष्यांनी नष्ट होतात. हिरव्या मोठ्या टोळाचा उपद्रव गेल्या हंगामात वहीत आढळला असेल, तर त्याच बांधाचा वरचा थर खरवडावा. ज्या बांधावर उपद्रव नव्हता तो उगाच उकरू नये. बांध उकरला की माती वाहून जाते.

औषधाची वेळ आलीच तर ती पिले लहान, एका जागी व बिनपंखी असता. मोठ्या टोळांवर फवारून पैसा वाया जातो. कोणते औषध, किती व कसे, हे कृषी विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसांस नमुना दाखवूनच ठरवावे. आमच्या बदनापुरात कृषी संशोधन केंद्र आहे; तुरीच्या बीडीएन वाणांमुळे त्याचे नाव आपण सर्व जाणतो. तेथे जाताना रिकाम्या हाताने, नुसती तक्रार घेऊन न जाता, डबीत नमुना व हातात नोंदवही घेऊन जावे. नोंद पाहून सल्ला देणारास काम सोपे जाते, असा आमचा अनुभव आहे.

एक विनंती

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परिसरातील एका गावी असा विचार निघाला की गायरानाचे उरलेले गवत जाळून टाकावे, कारण ते टोळांचे माहेर आहे. आम्हांसही बोलावणे होते. आम्ही एवढेच म्हणालो की, मंडळी, आधी एक खरीप मोजू या. गवतात कोण राहतो हे न पाहता माहेर कोणाचे हे कसे ठरविता? वादावादी झाली. ज्यांचे रोप खाल्ले गेले होते त्यांचा राग खोटा नव्हता; आम्हीही एकदा त्याच रागात फवारणी केली होती. अखेर असे ठरले की अर्धे गवत त्या वर्षी राखावे, आणि दोन्ही बाजूंची मोजणी शाळेतील वरच्या वर्गातील मुलांनी व तीन खातेदारांनी मिळून करावी.

ती मोजणी अद्याप एकाच हंगामाची आहे, सबब तिच्यावरून निर्णय सांगण्याचे आम्ही टाळतो. परंतु एक गोष्ट घडली आहे. पूर्वी त्या गावात सगळे टोळ 'टोळ' होते. आता मुले भुईटोळ, निमुळत्या तोंडाचा, पट्टेवाला असे वेगळे वेगळे बोलतात; आणि दोन खातेदारांनी मागील खरिपात तासात बसून पाहिल्यावर बांधावरची फवारणी स्वतःच रद्द केली.

आमच्या शेतकरी बंधूंस विनंती अशी की, येत्या हंगामात प्रत्येकाने आपल्या एका बांधावर व शेजारच्या एका पडीक तुकड्यावर जुलै ते नोव्हेंबर पंधरवड्याची मोजणी ठेवावी. वही साधी असली तरी चालेल. शून्य मात्र लिहावयास विसरू नये. दोन-तीन वर्षांची अशी नोंद गावात जमली, म्हणजे बांधावर औषध मारावे की नाही आणि गायरान जाळावे की राखावे, हे प्रश्न रागावर न सोडता दप्तरावरून सोडविता येतील. आणि ज्या मावशी खुरपणीस येतात, त्यांस आधी विचारावे. त्यांची नजर आपल्याहून जमिनीच्या जवळ असते.